ठोके मोजणारा पट्टा

कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी कानाला लावायची, ही आमच्या रेडिओवाल्यांची खोड. रेडिओ, घड्याळ तर झालंच. एकदा माझा जेवणाचा डबाही लावला. वर ठरलेलं वाक्य, "खोट वस्तूत नसती, जोडणीत असती." असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल.

आमच्या सोलापुरातल्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. संध्याकाळी त्यांच्या दुकानात टेकायचो. समोरच तालीम. दुष्काळाच्या उन्हाळ्यात तिथला एक पैलवान बैठका मारता मारता कोसळला. वाचला, पण यांच्या डोक्यात किडा शिरला. गडी पडायच्या आधी त्याच्या छातीला कळतं, मग वस्तादाला का कळू नये?

त्यांनी पट्टा केला. चादरीची जाड किनार, तिच्यात जुन्या टेलिफोनमधली ऐकायची चकती, कमरेला मोडक्या ट्रान्झिस्टरचे भाग आणि इवलासा दिवा. छातीचा ठोका पडला की दिवा लुकलुके. बैठकांच्या मध्ये गड्याला उभं करायचं, घड्याळ लावून ठोके मोजायचे आणि फार पळत असले तर खाली बसवायचं.

तालमीच्या वस्तादाने अट घातली. "आधी तुमी सवता बांधून दाखवा. मग माझ्या गड्यास्नी."

घोडं तिथंच अडलं. माझ्या छातीवर दिवा शिस्तीत चाले. त्यांच्या छातीवर मधेच एखादा ठोका गाळी. "जोडणी," असं म्हणून ते तारांना पुन्हा कथलाचा डाग द्यायला बसत. महिना गेला. मग त्यांना शोध लागला की दोष कोरड्या कातडीचा आहे. दुसऱ्या दिवशी पाहतो तर गृहस्थ तालमीतली तेल-ताकाची तांबडी माती अंगाला चोपडून, चष्मा लावून दुकानात बसलेले. गिऱ्हाईक दारातूनच परत फिरलं. मी पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आठवड्याने मला अक्कल आली. "पट्टा बरोबर असेल तर? डॉक्टरांकडे चला."

"डॉक्टरला डाग देता येतो व्हय?"

तरी ओढून नेलं. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. "मधेच ठोका चुकतोय. जपायला हवं."

मी हबकलो. हे मात्र उजळले. "म्हंजे पट्टा बरोबर हाय की." औषधाची चिठ्ठी माझ्या हातात कोंबून ते तडक तालमीत गेले.

वस्तादाने सगळं ऐकून घेतलं. "पट्टा पास," तो म्हणाला. "तुमी नापास. बसा हितं." आणि स्वतः उठून त्यांना पाणी दिलं.

पुढची तीन वर्षं पैलवान तो पट्टा बांधत होते. मग एका दुपारी रेडिओवाले दुकानातच वारले. थोड्या दिवसांनी पट्टाही बंद पडला. मी पुष्कळ खटपट केली, पण मला ती जोडणी जमली नाही.

त्यानंतर एकदा तालमीत डोकावलो. वस्तादाने बैठका मारणाऱ्या गड्याला हात करून थांबवलं, जवळ ओढलं आणि त्याच्या मातीने माखलेल्या छातीला कान लावला.