चक्की ऐकू येईल असा हेडफोन

बीबी गावच्या बाजारात माझं मोबाईलचं दुकान आहे. चार्जर, कव्हर, काचा, हेडफोन. गिऱ्हाईक पायरी चढलं की याला काय विकायचं ते मी त्याच्या चपलेवरून ओळखतो, असा माझा गर्व होता. तो मेहबूबचाचांनी उतरवला. त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय तर आधी हे कबूल करतो, की जे झालं त्यात माझाही हात होता.

मेहबूबचाचा एके काळी आमच्या भागातले विहिरींचे सुरुंगवाले. आमच्याकडे दोन हात माती लागते आणि मग नुसता काळा दगड. त्यात छिद्रं पाडायची, दारू ठासायची, वाती पेटवून वर यायचं आणि लांब बसून बार मोजायचे, हे त्यांचं काम. पाच ठासले तर पाच ऐकायचे. चारच ऐकू आले तर त्या दिवशी विहिरीत कोणी पाय टाकायचा नाही. पाच झाले तरी सगळ्यात आधी चाचा उतरणार, मजूर त्यांच्या मागून. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी असेच पाच मोजले आणि खाली उतरले. त्यातला एक बार शेजारच्या शिवारातल्या दुसऱ्याच विहिरीचा होता. नेमकी दोन्हीकडची वेळ एक आली. त्यांचा स्वतःचा पाचवा बार तळाशी तसाच बसून होता, तो ते खाली पोचल्यावर उडाला. जीव वाचला, डोळे दोन्ही गेले.

मग त्यांच्या बायकोने, चांदबीचाचीने, घराच्या पुढच्या खोलीत पिठाची चक्की टाकली. चाचा मागच्या खोलीत बसू लागले. मधे एकच भिंत. चक्की सुरू असेपर्यंत चांदबी ठीक आहे, हा त्यांचा हिशेब. चक्कीचा पट्टा भिंगरीसारखा फिरतो आणि त्याच्या बाजूने चाची दिवसभर पदर खोचून वावरते. आवाज जरा बदलला की चाचा आतून विचारणार, "चांदबी, काय झालं?" ती कंटाळून म्हणणार, "काही नाई हो, ज्वारी टाकली." दिवसातून वीस वेळा. आम्ही दळणवाले हसायचो. बायकोवर भलतंच प्रेम आहे म्हातारपणी, असं मीही चिडवलेलं आहे. ते प्रेम होतं की भीती होती, हे विचारायची अक्कल मला नव्हती.

त्यांची एकुलती एक चैन म्हणजे सिनेमा. डोळे गेले तरी ती सुटली नाही. मुलगी महनूर तेव्हा आठ वर्षांची. ती शेजारी बसून सांगायची, "अब्बा, आता तो जिना चढून राह्यला. आता त्यानं मागं पाह्यलं." शाळेतून आली की हाच धंदा. अशी ती एकोणीस वर्षांची झाली आणि बुलढाण्याला नर्सिंगला तिचा नंबर लागला.

आणि तिथंच गाडी अडली. अब्बाला सोडून जायचं कसं? तिचा भाऊ मतीन जालन्याला कंपनीत आहे, त्याने आपला जुना लॅपटॉप पाठवला. आजकाल काही सिनेमांत एक वेगळा आवाज लावता येतो. त्यात एक बाई मधे मधे सांगते, तो खुर्चीवर बसतो, ती दार लावते. महनूरने असे सिनेमे भरून दिले आणि कुठलं बटण दाबायचं ते कळावं म्हणून त्याच्यावर चिकटपट्टी लावली. पण चक्कीच्या आवाजात लॅपटॉपचा आवाज ऐकू येईना. म्हणून हेडफोन. तिची अट साफ होती. अब्बा दुपारचे दोन-तीन तास एकटे, मजेत बसू शकले तरच ती जाणार. नाहीतर नंबर सोडून देणार. आणि ही पोरगी बोलते तसं करते.

बापलेक दुकानात आले ते असं सगळं पाठीशी घेऊन. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी आपलं माझं कीर्तन सुरू केलं.

"चाचा, हा बिनावायरचा. पण सिनेम्याले एवढा चांगला नाई. याच्यात ओठ आधी हलतात, आवाज मागून येते."

"ओठाचं मले काय सांगतं बे गोकुळ?" चाचा म्हणाले, आणि महनूर एवढी हसली की मीच शरमलो.

वायरचाच घ्यायचा, हे त्यांनी लगेच ठरवलं. वायर हातात धरली की ती लॅपटॉपपर्यंत नेऊन सोडते, चाचपडावं लागत नाही. कानात बोंडं घालायचे जे हेडफोन होते ते त्यांनी नुसते बोटाने चाचपले आणि परत केले. "कानात बोट घालायची आम्हाले सवय नाई. बार मोजायचा असते."

मग मी कपाटाच्या वरच्या फळीवरचा काढला. सगळ्यात भारी. मऊ गाद्यांचा, अख्खा कान झाकणारा, आणि बाजूला एक बटण. ते दाबलं की बाहेरचा आवाज मरतो. पंखा, रस्ता, बाजूच्या गिरणीची घरघर, सगळं गायब. मी तो चाचांच्या डोक्यावर चढवला, त्यांनी सोबत आणलेल्या लॅपटॉपला पिन लावली आणि बटण दाबलं.

त्यांनी काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. बोटं पांढरी पडली. मान ताठ झाली. मला वाटलं, आवाजाने माणूस गार झाला.

नंतर कधीतरी त्यांनीच मला सांगितलं. बटण दाबलं आणि दुकान नाहीसं झालं. मी नाही, पोरगी नाही, रस्ता नाही. आपण कुठं उभे आहोत तेच कळेना. सुरुंग उडाल्यावर आठ दिवस त्यांच्या कानांना दडे बसले होते, डोळ्यांपुढे काळोख आणि कानात काहीच नाही, तेच परत आलं. ओरडावंसं वाटत होतं. पण समोर महनूर उभी होती आणि ती आपलं तोंड बघत असणार, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"कसा हाये अब्बा?" तिने एक बाजू उचलून विचारलं.

"मस्त," चाचा म्हणाले. "हाच दे."

मला आनंद झाला. वरच्या फळीवरचा माल आमच्याकडे कोण घेतो?

चार दिवसांनी दुपारी मी दळण घेऊन त्यांच्या चक्कीवर गेलो. सोमवारी महनूर निघणार होती. ती गावात शिवायला टाकलेले कपडे आणायला गेली होती. आतलं दार उघडं होतं. चाचा खुर्चीवर बसलेले, डोक्यावर माझा हेडफोन, समोर सिनेमा सुरू. आणि उजव्या हाताचा पंजा भिंतीवर सपाट दाबून धरलेला.

"हे काय चाची? सिनेमा पाहून राह्यले की भिंत धरून राह्यले?"

"चार दिवसांपासून असंच," चाची म्हणाली. "म्हणते भिंत गार लागते हाताले."

भिंत चक्कीमुळे थरथरत होती. आता कान बंद, म्हणून ते पंजाने चक्की ऐकत होते. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं. चाचीला समोरच्या घरी पिठाचा डबा पोचवायचा होता. ती म्हणाली, "गोकुळ, दोन मिनिटं ध्यान ठेव, आलीच मी." मी हो म्हणालो. तेवढ्यात माझा फोन वाजला, चक्कीत काही ऐकू येईना, म्हणून मी रस्ता ओलांडून लिंबाखाली गेलो. ध्यान ठेवायचं ते असं ठेवलं.

आणि लाईट गेली.

चक्की हळूहळू घरघरत थांबली. लॅपटॉप बॅटरीवर, त्याला काय? सिनेमा चालूच. पण चाचांच्या पंजाखालची भिंत मेली. मी रस्त्यापलीकडून बघतो तर ते झटकन उठले. उठताना वायर ताणली आणि पिन निसटली. सिनेमाही बंद. हेडफोनचं बटण मात्र दाबलेलंच. त्या घाईत डोक्यावर हेडफोन आहे हेच माणूस विसरला. त्यांना वाटलं, कानही गेले.

"चांदबी! चांदबी!"

असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. ते धडपडत पुढच्या खोलीत आले, माझ्या दळणाच्या पिशवीला अडखळले, गुडघ्यावर पडले आणि रांगतच पट्ट्यापाशी गेले. दोन्ही हात पट्ट्यात आणि चाकाच्या मधे घालून ते चाचपू लागले. पदर शोधत होते. चाचीचा पदर, केस, हात, काय सापडेल ते.

तेव्हा मला चक्कीचा स्टार्टर आठवला. व्होल्टेज कमी झालं की स्टार्टर पडून चक्की सारखी बंद व्हायची, म्हणून चाचीने त्याच्या बटणात लाकडाची खुंटी ठोकून ठेवलेली होती. आमच्याकडे अर्ध्या मोटारी अशाच चालतात. म्हणजे लाईट आली की चक्की आपोआप सुरू होणार, कोणाला न विचारता.

"चाचा, हात काढा! हात काढा!" मी ओरडत धावलो. त्यांनी मान वर केली, पण माझ्याकडे नाही, वर आढ्याकडे. आणि हात आणखी आत घातले. माझी हाक त्यांना लांबून, वरून आल्यासारखी वाटली. अकरा वर्षांपूर्वी तळाशी पडलेले असताना लोक वरून हाका मारत होते, तशी.

हा रस्ता पंधरा पावलांचा आहे. मी तो नंतर मोजला. त्या दिवशी तो संपतच नव्हता. मी चाचांना ओढायला गेलो नाही, सरळ मेन स्विचचा दांडा खाली खेचला. हातातून फोन कुठं उडाला कळलं नाही. वळतो तोच समोरच्या घरातला टीव्ही मोठ्याने बोलायला लागला. लाईट आली होती.

मी तिथंच जमिनीवर बसलो.

मग उठून त्यांच्या डोक्यावरचा हेडफोन काढला. "चाचा, मी गोकुळ. चाची ठीक हाये. समोर गेली डबा द्यायले. लाईट गेली होती फक्त." हे मी चार वेळा सांगितलं असेल. त्यांनी माझा चेहरा चाचपला. मग चाची पळत आली, तिचा चेहरा चाचपला, हात चाचपले, बोटं एकेक. त्यांचे हात पट्ट्याच्या काळ्या वंगणाने भरलेले, तिचं सगळं तोंड काळं झालं. आणि दारात महनूर उभी होती, कपड्यांची पिशवी छातीशी धरून. कधीपासून, कोण जाणे.

"मी नाई जात," ती म्हणाली.

एवढे दिवस ज्याच्यासाठी माणूस दात आवळून बसला होता, ते एका वाक्यात गेलं. मला वाटलं चाचा आता खोटं बोलतील, म्हणतील काही नाही झालं. मीही एखादी थाप तयारच ठेवली होती.

"इकडं बस," ते म्हणाले. ती बसली. "मले लय भेव लागते महनूर. आत्ताच नाई. रोज लागते. तू बाजूले बसून सिनेमा सांगत होती ना, तवाबी लागत होतं. एक कान तुह्याकडं अन् एक चक्कीकडं. अकरा वर्षं झाले, मी एकबी सिनेमा पुरा ऐकला नाई."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"तू लहान होती. मंग सवय झाली न सांगायची. तू राह्यली तरी भेव जाणार नाई. तू गेली तरी ते इथंच राहीन. मंग दोघांनी काऊन अडकायचं?"

महनूर रडायला लागली. चाची आधीच रडत होती. मी खुंटीकडे बघत होतो. ती मी उपटली आणि खिशात घातली. चाची म्हणाली मोटार सारखी बंद पडेल, मी म्हणालो पडू द्या.

"गोकुळ," चाचा म्हणाले, "तुह्या दुकानात खराब हेडफोन हाये का बे?"

"म्हणजे?"

"ज्याच्यातून चक्की ऐकू येईन असा. हा तुहा भारी माल परत घेऊन जाय."

संध्याकाळी मी दुकानातले सगळे हेडफोन त्यांच्या घरी नेले आणि चक्की सुरू ठेवून एकेक लावून बघितला. कुठल्याही दुकानदाराने असा माल विकला नसेल. जो चांगला, तो बाजूला. शेवटी पातळ स्पंजचा, कानावर नुसता टेकणारा एक सापडला, जो लोक मला शिव्या देऊन परत करतात. त्यात सांगणाऱ्या बाईचं निम्मं बोलणं ऐकू यायचं आणि चक्की पूर्ण. तरीही चाचांच्या कपाळावर घाम होता. पण या वेळी महनूरने विचारलं, "भेव लागते का?" तर ते म्हणाले, "हाव." तिने तो घाम ओढणीने पुसला.

सोमवारी सकाळी चाची चक्की बंद ठेवून स्टँडवर आली होती. बुलढाण्याची एसटी आली तेव्हा चाचांनी माझा दंड धरला. महनूर चढली, खिडकीतून तिने हात बाहेर काढला, तो चाचांच्या डोक्याला लागला. मग गाडी हलली. त्यांनी माझा दंड सोडला नाही. गाडी वळणावर गेली, धुरळा बसला, लोक पांगले. मला दुकान उघडायचं होतं.

"चला चाचा," मी म्हणालो.

"थांब," ते म्हणाले. "अजून ऐकू येऊन राह्यली."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी थांबलो.