प्रिंटचं बटण मीच लपवलं होतं

असले अनुभव मी इथे वाचते, पण प्रत्येक वेळी मनात एकच येतं — कुणीतरी काहीतरी लपवतंय. स्वभावच संशयी माझा, आणि कामही तसंच. क्रांती चौकाजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. म्हणूनच हे लिहायला वर्ष गेलं...

आमच्याकडे एकदा न तपासलेला रिपोर्ट पेशंटच्या हातात गेला होता. डॉक्टर मॅडम भडकल्या. "मी पास केल्याशिवाय एकही कागद बाहेर जाता कामा नये!" मग मीच सेटिंग बदललं. मॅडमनी रिपोर्ट पास करेपर्यंत प्रिव्ह्यू नुसता बघता येतो. प्रिंट आणि पीडीएफची बटणं दिसतच नाहीत. कीबोर्डवरून प्रिंट देण्याची वाटही बंद केली.

त्या दिवशी रिसेप्शनची मुलगी रजेवर, म्हणून काउंटरवर मी. रक्त तपासायचं मशीन साडेदहापासून सफाईला लावलेलं. अकराला एका हॉस्पिटलातून सीलबंद पाकिटात सॅम्पल आलं. सोबत पेशंटची आई. मी नोंद केली — पूजा, वय एकोणीस, देवगाव रंगारी — आणि पाकीट ट्रेमध्ये ठेवलं. मग आतल्या खोलीत एक केबल बघायला गेले. पाच मिनिटं, फार तर सात. बाहेर बाकांवर पेशंट होते, पण स्टाफपैकी आमची टेक्निशियन वैशाली एकटीच होती.

परत आले तर पूजाची आई काउंटरशी उभी, हातात कागद.

"ताई, हितं खाली बाण काढलाय... म्हंजी काय वो?"

पूजाचा रिपोर्ट! प्लेटलेट्स अठरा हजार. निदान दीड लाख तरी हव्यात.

"हा कुणी दिला तुम्हाला?"

"कुणी नाय. त्या मशिनीतून निघाला," तिनं प्रिंटरकडे बोट दाखवलं. "पोरीचं नाव दिसलं, म्हून घेतला. चुकलं का माझं?"

मी स्क्रीन बघितला. रिपोर्ट पेंडिंग, सगळे रकाने कोरे, बटणं गायब. आमच्या प्रत्येक प्रिंटखाली ती काढणाऱ्याचं नाव येतं. या कागदावर वेळ होती, अकरा वीस. नावाची जागा मात्र रिकामी.

वैशालीही देवगावचीच. माझ्या डोक्यात लगेच हिशोब जुळला. लोकांसमोरच बोलले, "गावची ओळख निघाली म्हणून दुसऱ्याच कुणाचे आकडे टाकून दिलेस ना? मॅडमचा पासवर्ड कधीपासून आहे तुझ्याकडे?"

वैशालीचा चेहरा उतरला. "ताई, मी यांना आज पहिल्यांदा बघतेय."

"व्हय, मी बी हिला वळखत नाय," पूजाची आई म्हणाली. "पोरीचं सांगा ना आधी. लई ताप हाय तिला."

गलका ऐकून डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. सफाई संपलीच होती. त्यांनी आम्हा तिघींसमोर पाकिटाचं सील कापलं आणि सॅम्पल स्वतः मशीनला लावलं.

अठरा हजार.

हिमोग्लोबिनसुद्धा दशांशापर्यंत तेच. मॅडमनी कागद स्क्रीनशेजारी धरून एकेक आकडा दोनदा वाचला. मग आधी हॉस्पिटलला फोन लावला. "बाकीचं नंतर बघू." पूजाला लगेच आयसीयूत हलवलं. आठवड्याभरानं ती चालत घरी गेली.

बाकीचं मी नंतर बघितलं. सगळंच बघितलं. लॉगमध्ये प्रिंट नाही, पीडीएफ नाही. मशीनच्या मेमरीत त्या वेळेला काही नाही. कॅमेऱ्यात वैशाली पाठमोरी, ट्यूबना लेबलं चिकटवतेय. प्रिंटरमधून कागद येतोय, पूजाची आई वाकून उचलतेय. बस्स. सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसानं दोन दिवस माझ्यावरच संशय घेतला. घेणारच... बटणं कोणी लपवली होती?

वैशालीची माफी मागायला मला चार दिवस लागले. जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारी जाऊन बसले. तिनं डबा बंद केला.

"मी नव्हते, हे पटलं ना ताई?"

"पटलं."

"मग कोण, ते लोकांसमोर सांगाल का? तुम्ही मला बोललात ते सगळ्यांनी ऐकलंय."

पुढच्या महिन्यात तिनं दुसरी लॅब धरली. नवीन टेक्निशियन अधूनमधून विचारतो, वैशाली का गेली? मी सांगते, माझ्यामुळे. त्यापुढचं सांगायला अजूनही माझ्याकडे काही नाही.