विमलताईंचे बाद कागद

"सर, आई गेली सकाळी," संतोष फोनवर म्हणाला, तेव्हा मी नांदेडच्या घरी मेथी निवडत बसलो होतो. संतोष हा विमलताईंचा मुलगा, कंधारला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. चहा घेऊन त्या अंगणात बसल्या, छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं... खरं सांगतो, त्या क्षणी पहिला विचार आला तो त्यांचा नव्हता, माझा होता. त्यांची माफी मागायची राहिली, हा तो विचार. या गोष्टीला आता दीड महिना झाला. विमलताईंविषयी लिहायचं तर तिथूनच सुरुवात केली पाहिजे, नाहीतर त्यांचं कौतुक करता करता मी स्वतःची कातडी वाचवल्यासारखं होईल.

मी संख्याशास्त्राचा मास्तर. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्याकडच्या छातीच्या डॉक्टरांनी दम्याच्या रुग्णांची एक पाहणी काढली आणि तिची प्रश्नावली बनवण्याचं काम माझ्याकडे आलं. दमा किती आहे हे मोजायचं नव्हतं, त्याला यंत्रं आहेत. रुग्णाला आपल्या दम्याकडून पुढे काय होईल असं वाटतं, ते मोजायचं होतं. हा जन्मभर राहणार का, वाढत जाणार का, औषधानं आवरेल का, आपल्या हातात काही आहे का... कारण ज्याला आता आपलं काही सुधारायचं नाही असं वाटतं, तो औषध मध्येच सोडतो. मी महिनाभर खपून एक ते पाच आकड्यांची झकास प्रश्नावली तयार केली आणि स्वतःवरच खूश झालो. घरोघर जायला दवाखान्यातल्या नर्स विमलताई सोबत होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चालायला माझ्या दुप्पट.

पहिल्याच आठवड्यात माझं पितळ उघडं पडलं. ज्याला विचारावं तो म्हणे, बरं होईल, पाच लिहा. किनवटकडच्या एका गावात एक म्हातारबाबा बाजेवर बसून धापा टाकत होते, दोन शब्दांच्या मध्ये थांबत होते, आणि तेही पाचच सांगत होते. मी निमूटपणे पाच लिहिलं. बाहेर आल्यावर विमलताई हसायला लागल्या. "सर, आजाऱ्याच्या घरी बसून अभद्र बोलतंय का कोणी? पाव्हणा आलाय, चहा ठिवलाय, आन् त्यांनी तुम्हाला सांगायचं व्हय, आता माझं काही खरं न्हाई म्हणून?"

मग त्या परत आत गेल्या. म्हातारबाबांच्या सुनेजवळ बसल्या, सुपातली तूर निवडू लागल्या आणि निवडता निवडता म्हणाल्या, "बाबा, पुढल्या साली बाजाराला जाताल का चालत?" म्हातारबाबांनी मान हलवली. "न्हाई बा. ते सोडलं आता. पोराला सांगतो." विहिरीजवळचं झाड पाणी घालून जगवाल का, नातीच्या लग्नात पंगतीत वाढाल का, टेसनापर्यंत पिशवी न्याल का... उत्तरं येत गेली. करीन, बसून करीन, दुसऱ्याला सांगीन, सोडून दिलं. या चार पायऱ्या त्या माणसांच्याच तोंडून निघाल्या, विमलताईंनी फक्त ओळखल्या. पाच आकड्यांत जे महिनाभर सापडलं नसतं, ते तूर निवडून होईपर्यंत कागदावर आलं. मी माझी प्रश्नावली मोडून त्यांची केली. वर अहवालात ती "आम्ही विकसित केली" असं लिहिलं, तेही इथं कबूल करून टाकतो.

वर्षभरानं त्याच माणसांना तेच प्रश्न पुन्हा विचारायचे होते. लातूरची घरं विमलताईंकडे होती. तिथं महादेवी नावाची बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती. वडील तेलबियांच्या अडतीवर हमाल, घर डाळ मिलच्या मागच्या गल्लीत. फोडणीचा धूर लागला की तिला दम लागे, म्हणून घरच्यांनी तिचं स्वयंपाकघरच बंद केलं होतं. स्थळं येत होती, त्यांना सर्दी सांगत. डॉक्टरांनी दिलेला, औषध श्वासातून ओढायचा पंप ती वापरत नव्हती. पंप लागला म्हणजे शेवट आला, अशी गल्लीत सगळ्यांची खात्री, त्यामुळे तो अगदीच जीव घाबरा झाला तर म्हणून कपड्यांच्या घडीखाली ठेवलेला. पहिल्या खेपेला तिनं प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं, सोडून दिलं. दुसऱ्या खेपेचा कागद पाहिला तर जवळपास सगळीकडे "करीन".

मला संशय आला. विचारल्यावर विमलताईंनी काही लपवलं नाही. मधल्या वर्षात त्या रजा काढून तीन-चारदा लातूरला गेल्या होत्या. पंप रोजचा घ्यायचा असतो, हे मुलीला नि तिच्या आईला समजावलं होतं, समोर बसून घ्यायला शिकवलं होतं. मी संतापलो. आपण तापमान पाहायला गेलो होतो, चूल पेटवायला नाही, असं काहीबाही बोललो. विचारणाऱ्यानं फक्त विचारायचं, नाहीतर मोजमापाला अर्थ काय? त्या शांतपणे म्हणाल्या, "माणूस समोर बसून सांगून राहिलं की माझं सगळं सुटलं, आन् आपण लिहून घेऊन उठायचं? मला न्हाई जमत सर."

मी आकड्यांचं सोवळं पाळणारा माणूस. एका घरात असं केलं तर बाकीच्या घरांचा काय भरवसा, असं म्हणून मी लातूरचे त्यांचे सगळेच कागद रद्द केले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल शाईनं "बाद" लिहिलं, त्यांच्या देखत. त्या टेबलाच्या पलीकडे उभ्या होत्या. अर्ध्यावर म्हणाल्या, "मी जाऊ का सर, ओपीडी सुरू व्हायलीय," आणि गेल्या. नियमानं मी चूक नव्हतो, आजही तसं कोणी केलं तर ते कागद पाहणीत धरता येणार नाहीत. पण माझी चूक लाल शाईत नव्हतीच. महादेवीला आता दम लागतो की नाही, हे मी एका शब्दानंही विचारलं नाही, ती चूक होती. हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं. कळल्यावरही किती वेळा ठरवलं, आता भेटल्या की बोलू... भेटल्या तेव्हा त्यांनी माझ्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी केली, मी त्यांच्या नातवाची, आणि बोलणं तिथंच संपलं.

तेराव्याला कंधारला जाऊन आलो. संतोषनं आग्रहानं जेवायला वाढलं. घरी आलो ते चैन पडेना. कपाटातून बाद कागदांचा गठ्ठा काढला, त्यावरचा पत्ता घेतला, गठ्ठा पिशवीत टाकला आणि पुढच्या आठवड्यात लातूरला गेलो.

डाळ मिलच्या मागचं ते घर सापडलं. बाहेर पाटी होती, क्लासच्या मुलामुलींसाठी घरगुती मेस. आत दोन मोठ्या शेगड्या पेटलेल्या, वर धूर ओढणारा पंखा, आणि वरणाला फोडणी देत महादेवी स्वतः उभी. मी नाव सांगितलं, दवाखान्याच्या पाहणीतून आलो म्हणालो. तिचा चेहरा उजळला. "ताईंनी धाडलं व्हय? यंदा त्यांना उशीर झाला. दरसाली दिवाळी झाली की येत्यात कागद घेऊन."

मग तिनं सांगितलं तसं उलगडत गेलं. पाहणी संपली, अहवाल छापला, मी विसरलो. विमलताई मात्र दरवर्षी येत राहिल्या, कोऱ्या कागदावर तेच प्रश्न विचारून लिहून नेत राहिल्या. कुणासाठी? माझ्यासाठी नक्कीच नाही.

ताई गेल्या, हे मला सांगावं लागलं. तिनं गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिली. डोळे पुसले, तोंड धुऊन आली. मी निघायला उठलो तर म्हणाली, "बसा काका. यंदाचं विचारायचं राहिलंय नव्हं?"

मी बसलो. गठ्ठ्यात राहिलेला एक कोरा छापील कागद पिशवीतून काढला. समोर निवडायला घेतलेल्या पालेभाजीची परात होती, ती जवळ ओढली. पुढच्या साली मेस चालवशील का? करीन. पाण्याची घागर वर नेशील का? करीन. आईला घेऊन गावच्या जत्रेला? "करीन. आईच बसून करील आता," आणि ती जरा हसली. प्रश्न संपले. ती थांबून राहिली. "ते न्हाई विचारलं?"

"काय?"

"पुढल्या साली कधी येऊ, म्हणून. ताई शेवटी ते विचारायच्या. मग मी दिवस सांगायची."

मी ते कधीच कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं. ती म्हणाली, "संक्रांत झाल्यावर या. जेवायला या."

कागदाच्या तळाशी दोन रकाने असतात, तारीख आणि विचारणाऱ्याचं नाव. तारीख त्या दिवशीची घातली. नावाच्या जागी मी विमलताईंचं पूर्ण नाव लिहिलं. नोंद खोटी आहे, मला माहीत आहे. तपासणीला आली असती तर मीच ती सगळ्यांत आधी बाद केली असती. तिच्यातलं मी काहीही खोडणार नाही.