वेगळा स्पंज

माझ्या माईकवरचा चांगला काळा स्पंज रेकॉर्डिंगवाल्यानं काढून घेतला. खणातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातला विटका, कुबट वासाचा स्पंज चढवला. मी विचारलं, का? म्हणाला, "वस्तीतल्यांना हाच लावतो."

हे तो दौंडातल्या त्याच्या स्टुडिओत बोलला, सरपंचांच्या देखत. सरपंच आबा मोबाईल बघत राहिले.

वडगाव रासाईच्या शाळेसाठी मी भीमा नदीवर गाणं रचलं होतं. शब्द माझे, चाल माझी. गाणं तूच म्हणायचं, असं आबा आमच्या ओट्यावर बसून म्हणाले होते. आमच्या ओट्यावर ते कधी टेकले नव्हते, तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. दोनदा त्यांनी गाण्याचा कागद मागितला. मी दिला नाही. निघायच्या दिवशी गाडीत त्यांची पुतणी आधीच बसलेली. सोबतीला, म्हणे.

स्टुडिओत दोघींसमोर एकेक माईक. दोन्हींच्या वायरी टेबलावरच्या एका खोक्यात. खोक्यावर दोन गोल बटणं, प्रत्येकावर बारीक दिवा. पुतणी माझ्याहून लहान. तरी तिला ताई, मला ए. "ताई, परत हॅलो म्हणा," म्हणत तो तिचं बटण हळूहळू फिरवत होता. तिचा दिवा हिरवा झाला.

माझी पाळी आली. मी पहिली ओळ म्हटली. त्यानं माझ्या बटणाला हातही लावला नाही. दिवा विझलेलाच. मी घसा ताणून म्हटलं. तो म्हणाला, "तुझा आवाज मशीन घेत न्हाई. ताईंना ओळी सांग, तू मागं कोरसला ऱ्हा."

अंगाची लाही लाही झाली. अख्ख्या शिवारात ऐकू जाणारा माझा आवाज, आणि मशीन घेत नाही?

"माझं बटण फिरवा," मी म्हणाले.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काय बी कळत न्हाई. तिचं फिरवलं, माझं न्हाई, एवढं दिसतंय."

त्यानं आबांकडं बघितलं. आबांनी मान खाली घातली. तेव्हा कळलं, हे गावातूनच ठरवून आलेत.

मी उठले. तो स्पंज उपटून त्याच्या टेबलावर ठेवला. बटण स्वतः फिरवलं आणि पहिली ओळ म्हटली. दिवा लगेच हिरवा झाला. पुतणी बघत होती, आबाही.

दुसरी ओळ मी म्हटली नाही; ती पुतणीच्या तोंडी जाऊ द्यायची नव्हती. आबा म्हणाले, "गाडीत बस, घरी बोलू." बसले नाही. एसटीनं आले.

गाणं अजून माझ्याच तोंडात आहे. आता कुठंही माईकसमोर उभी राहिले की आधी विचारते, सगळ्यांना हाच स्पंज लावता का? मोठ्यानं विचारते, चारचौघांत. मग माझ्या समोरचा दिवा बघते. तो पेटेपर्यंत मी हलत नाही, आणि कुणाच्या मागं उभी राहत नाही.