पुस्तकाचं शेवटचं पान

पुस्तकाचं शेवटचं पान मी फाडलं नाही. पण आमच्या घोळक्यात माझं कोण खरं मानतंय! निपाणीत आम्ही तिघी रोज माझ्या सोप्यात विड्या वळतो. तंबाखूची धूळ निऱ्यांत साठते, तसे असले किस्से साठतात. झाडले तरी थोडे उरतातच.

पुस्तक माझ्या लेकीनं, पिंकीनं, शाळेतनं आणलेलं. पोरांचं, भुताचं. मी चौथी पास, म्हणून वाचणार मी. माझ्या वाटणीच्या विड्या गंगाक्का आणि शालन वळणार, असं ठरलेलं. पुस्तकात एक काजळमावशी. ती सगळ्यातलं शेवटचं तेवढं गिळते. शेवटचा घास, जिन्याची शेवटची पायरी, सुट्टीचा शेवटचा दिवस!

*

गंगाक्का आमच्यात थोरली. "पोरासोरांचं थोतांड," म्हणाली. दुसऱ्या दिवशी जेवताना भाकरीचा शेवटचा तुकडा तिनं ताटलीच्या काठावर ठेवला.

"का गं आक्का? इस्वास बसला व्हय?"

"छट्! पन म्हनून बाईला उपाशी ठिवायची?"

*

शालननं तर माझ्या दाराची शेवटची पायरी वगळून उडीच मारली. पाय मुरगळला. तिचा नवरा भांडायला आला. "पुस्तकातल्या बाईनं माझ्या बायकोचा पाय मोडला?"

"मोडला न्हाय, मुरगळलाय! आनि पायरी जाग्यावर हाय. डोळं फुटल्यात काय? बघ जा!"

तो तावातावानं उतरला. शेवटच्या पायरीपाशी थांबला. इकडंतिकडं बघितलं, आणि टुणकन उडी मारली!

*

मग विड्या तपासणारा माणूस कावला. शेवटची जुडी आखूड निघाली.

"ही कुणी वळली?"

शालन घाबरून म्हणाली, "काजळमावशीनं."

तो आमच्याकडं बघतच राहिला. "नवी बाई? मला न विचारता बसवली? तिचं कार्ड कुठाय?"

*

आता शेवट राहिलेला. पुस्तकातली पोरं काजळमावशीला गोड बोलून आरशाच्या खोलीत नेतात, इथवर वाचून मी पुस्तक मिटलं. गंगाक्काचं तंबाखूचं सूप मांडीवरनं घसरलं.

"कोंडत्यात काय तिला? उपाशी बाईला? लई शानी पोरं!"

"उद्या कळंल की."

"मला न्हाय दम निघायचा उद्यापातूर!" गंगाक्का म्हणाली, आणि त्या दिवशी सगळ्यात शेवटी घरी गेली.

सकाळी बघते, तर शेवटचं पान नाही! शालन माझ्याकडं संशयानं बघायला लागली. "तूच वाचत हुतीस न्हवं?" पिंकी रडायला लागली. पुस्तक फाटलं की शाळेतल्या बाई दुसरं देत नाहीत. म्हणजे पिंकीचं नाव खराब, आणि आमचं वाचनही बंद!

मी पदर खोचला आणि शाळेत गेले. मागनं या दोघी. गंगाक्काला कुणी बोलावलंही नव्हतं.

बाईंनी पुस्तक चाळलं. "पान पिंकीनं फाडलं?"

"माझ्या लेकीनं न्हाय. मी बी न्हाय. देवाशपथ!"

"मग कुणी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गंगाक्का मला ढकलून पुढं आली. तिच्या कमरेला खोचलेलं काहीतरी कागदासारखं कुरकुरलं. तिनं त्यावर हात दाबून धरला, आणि बाईंच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली,

"शेवटचं पान हुतं न्हवं? मग दुसरं कोन? काजळमावशी!"