भुलाबाईच्या अंगणात चष्मेवाल्याची चाल

व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसलं की लोक चौकशी केल्याशिवाय राहत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण बडनेऱ्याहून सुटलेल्या गाडीत नेर यायच्या आतच अर्ध्या गाडीला माझं नाव, गाव आणि गुडघेदुखी पाठ झाली होती, हे जरा जास्तच झालं.

"त्या पेटीत काय हाय जी?" शेजारच्या आजोबांनी विचारलं.

"व्हायोलिन."

"वाजते?"

"वाजवलं तर वाजतं."

"मंग वाजवा ना! कायले उगीच ओझं वागवून राह्यल्या?"

चालत्या गाडीत वाजवता येत नाही, हे मी त्यांना दोनदा समजावलं. त्यांनी माझ्याकडे फार कीव येऊन पाहिलं. नेरच्या स्टँडवर मात्र स्वतः उतरून माझ्यासाठी गरम आलूबोंडा घेऊन आले आणि म्हणाले, "खा, सांबार मस्त टाकलाय." मी सांबार शोधत बसले. मग कळलं की इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. बोंडा इतका फर्मास होता की मी आणखी दोन मागवले, आणि मग यवतमाळपर्यंत तिखटाने हाशहुश करत आले.

मी नाशकात व्हायोलिन शिकवते. युरोपातल्या जुन्या संगीतकारांवर अधूनमधून मोबाइलवर छोटी व्याख्यानं टाकते. माझा सगळ्यात लाडका संगीतकार दोनशे वर्षांपूर्वी व्हिएन्नात होऊन गेला. त्याचं नाव इथे मुद्दामच लिहीत नाही, कारण या प्रवासात त्याला जे नाव मिळालं तेच मला आता आवडायला लागलंय. बुटका, गुटगुटीत, लाजाळू माणूस. एकतिसाव्या वर्षी गेला, पण तेवढ्यात सहाशेच्या वर गाणी करून गेला. त्याच्या एका चालीवर मी बोलले होते. ती त्याने एका नाटकासाठी केली होती. नाटक दणकून पडलं आणि चाल मात्र जगभर फिरत राहिली.

ती फिरत फिरत राळेगाव तालुक्यात पोचली असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. एके दिवशी प्रणाली नावाच्या एका अनोळखी मुलीने मला एक ध्वनिफीत पाठवली. मागे भांड्यांचा आवाज, आणि एक बाई कामाच्या तंद्रीत गातेय:

"भुलाबाई आली माहेरी, कपाशी फुलली बांधावरी..."

शब्द अस्सल वऱ्हाडी आणि चाल थेट व्हिएन्नाची! मी हातातला चहा पायावर सांडून घेतला. तेवढ्यात गाणाऱ्या बाईंनी "काय करून राह्यली वं?" असं दटावलं आणि ध्वनिफीत तिथेच संपली.

ही प्रणालीची सासू, इंदूताई. हे गाणं त्यांनी लहानपणी रचलेलं. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भात पोरीबाळी तिची गाणी म्हणतात, आणि इंदूताईंच्या गावात शेवटच्या दिवशी हे गाणं झाल्याशिवाय भुलाबाई उठत नाही. पण मागच्या वर्षी तालुक्याच्या एका मेळाव्यात कुणा पाहुण्या बाईंनी भर सभेत सांगितलं, "ही चाल परदेशी आहे. चोरलेली." तेव्हापासून इंदूताईंनी हे गाणं टाकलं. स्वतः म्हणत नाहीत (कामाच्या नादात निसटलं तेवढंच), दुसऱ्यांना म्हणू देत नाहीत. "मॅडम, कोजागरीच्या आधी या," प्रणालीने लिहिलं होतं. "तुम्ही सांगितलं तर आई ऐकतील."

मी निघाले. खरं सांगू? मला त्या चालीला भेटायचं होतं, समजूतबिमजूत नंतरची गोष्ट.

यवतमाळहून कळंब, कळंबहून राळेगाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची बोंडं फुटायला लागलेली, मधूनच पिवळं पडलेलं सोयाबीन, आणि सायकलला विळे लावून चाललेल्या बायका. ऊन चटचटीत होतं, पण हवा मोकळी होती. राळेगावला प्रणाली स्कूटी घेऊन उभीच होती. पेटी पुढे, मी मागे, अशी वरात गावात शिरली.

इंदूताई दारातच होत्या. साठीच्या, उंच, काळ्यासावळ्या, जाड भिंगांचा चष्मा. "या बाई, पाय धुवा. आधी जेवा, मंग बोलू," एवढंच बोलल्या. ज्वारीची गरम भाकर, पाटोडीची भाजी (बेसनाच्या वड्या झणझणीत रश्श्यात सोडलेल्या) आणि वर दही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी त्या वाढतच होत्या. "नाशिकचे लोकं खातच नाई वाटते," असा शेराही मिळाला.

हात धुतल्यावर मात्र त्या समोर बसल्या. "आता खरं सांगा. मी चोरलं काय थे गाणं?"

प्रणाली मागून मला डोळ्यांनी खुणावत होती. पण माझ्या जिभेला हाड कुठे आहे? मी म्हणाले, "चाल त्याचीच आहे, इंदूताई. स्वर न् स्वर त्याचा."

"मंग झालं," त्या शांतपणे म्हणाल्या. "माह्यावालं नाई तं नाई. दुसऱ्याचं आणून मी भुलाबाईले कायले वाहू?" आणि उठून दूध तापवायला गेल्या.

प्रणालीने माझी गादी दाणकन टाकली आणि दिवा मालवला. बरोबरच होतं तिचं.

दुसऱ्या दिवशी कोजागरी, आणि नेमकी त्याच सकाळी इंदूताईंच्या शेतात सीतादही होती. पहिला कापूस वेचण्याआधी शेतात पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि तो चारी बाजूंना शिंपडतात, कापूस दह्यासारखा पांढराशुभ्र निघावा म्हणून. मीही गेले. सलवारीला गोखरू चिकटले, चप्पल ढेकळात रुतली, आणि हातात ती पेटी. पूजा झाली, दहीभात सगळ्यांनी हातावर घेतला. मग वेचणीला आलेल्या बायकांनी मला घेरलंच.

"वाजवा ना वो मॅडम! पेटी का पूजेले आणली?"

इंदूताई तोंड फिरवून ओटीत कापूस भरत होत्या. मी व्हायोलिन काढलं, हनुवटीखाली धरलं, आणि माझ्या हातून दुसरं काही वाजेचना. तीच चाल वाजू लागली.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसून सूर धरला. वर्षभर दाबून ठेवलेलं गाणं ते! "भुलाबाई आली माहेरी..." एकीने कापसाची ओटी बांधता बांधता ठेका धरला. व्हायोलिन आणि आठ-दहा गळे मजेत सोबत चालले होते. "शंकर बसले बांधावरी, म्हणती चला ना घरी..." इथवर सगळं गोड होतं.

आणि पुढे धडक झाली. मी त्याच्या वाटेने खाली उतरले आणि बायका ठसक्यात वर चढल्या: "नाही येत, नाही येत, वेचणी राहिली!" असा बेसूर गोंधळ झाला की बांधावरचे बगळे उडाले. आम्ही सगळ्याच थांबलो.

"तुमी चुकल्या मॅडम," एक जण म्हणाली.

"मी? मी कशी चुकेन? हे त्याने असंच लिहिलंय!"

"मंग थो चुकला असन."

मी त्यांना तो शेवट पुन्हा म्हणायला लावला. मग पुन्हा. अहाहा! काय तो झोका! 'नाही येत'ला सूर असा काही मान वेळावून वर जातो की शंकराने बैलगाडी रिकामीच परत न्यावी. आणि त्या चालीत तो कुठेच नाही. मी त्याचं आयुष्यभर वाजवलंय, मला माहीत आहे.

"इंदूताई!" मी ओरडलेच. "हा शेवट कुठून आणलात?"

त्या जागच्या हलल्या नाहीत. "कुठून म्हंजे? रेडिओतून."

"रेडिओत हा नाहीच आहे!"

तेव्हा कुठे त्यांनी ओटी खाली ठेवली. त्यांच्या लहानपणी घरात एकच रेडिओ होता आणि त्याचे सेल वडील उन्हात तापवून तापवून पुरवायचे. वडील कापसाचे भाव आणि हवामान ऐकायचे. बातम्यांना अवकाश असला की रेडिओवाले मधल्या वेळात हे वाजवायचे. वडिलांच्या हिशेबी ते बिनकामाचं. ते लगेच अंगणातल्या खाटेवरून उठायचे, चपला शोधायचे आणि येऊन रेडिओ बंद करायचे.

"बाबा खाटेवरून रेडिओपर्यंत येईस्तोवर जेवढं वाजे, तेवढंच मले भेटे," इंदूताई म्हणाल्या. "पुढचं कधी ऐकूच नाई आलं. पण गाणं असं बांधावर कसं सोडावं? म्हणून म्या मनानंच लावलं. मले वाटे, रेडिओतबी असंच असन."

मी त्या ढेकळांत उड्या मारल्या. गुडघे गेले खड्ड्यात! "अहो, मग अर्धं गाणं तुमचं आहे! आणि चांगलं अर्धं तुमचं आहे!"

"म्हंजे अर्धं चोरलंच ना," त्या म्हणाल्या. इतक्या सहज सुटणारी बाई नव्हती ती.

मग मी तिथेच बांधावर बसून त्यांना त्याच्याबद्दल सांगितलं. त्याची सगळ्यात नावाजलेली मोठी रचना अर्धीच राहिली, आणि ती पुरी करायला त्याच्यामागे भलेभले विद्वान बसले. "तुम्ही मात्र कुणाला न विचारता, फ्रॉकमध्ये असताना त्याचं एक गाणं पुरं करून टाकलंत," मी म्हणाले. इंदूताईंना विद्वानांचं काही नव्हतं. त्यांचे प्रश्न वेगळे होते.

"लग्न झालतं त्याचं?"

"नाही."

"घर?"

"स्वतःचं असं नाही. बहुतेक मित्रांकडेच राहायचा. संध्याकाळी मित्र जमायचे, हा नवी गाणी वाजवायचा, सगळे गायचे, नाचायचे, खायचे."

"आमच्या भुलाबाईवानी," एक बाई म्हणाली.

"माय?" इंदूताईंनी विचारलं.

"तो शाळेत असतानाच गेली."

इंदूताईंनी ओटीतल्या कापसातला कचरा वेचला. मग म्हणाल्या, "आणिक सांगा."

"रात्री चष्मा घालूनच झोपायचा म्हणतात. सकाळी उठल्या उठल्या चाल सुचली तर चष्मा शोधण्यात वेळ जायला नको."

यावर त्या हसल्या. मोठ्याने, पदर तोंडाला लावून, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "येडंच लेकरू होतं," त्या म्हणाल्या. "प्रणाली, आज म्हणू आपण. पण आधी त्याचं नाव घेऊ, मंग म्हणू."

नाव काही त्यांच्या जिभेवर बसेना. शेतातून घरी येईपर्यंत पाच-सहा वेळा प्रयत्न झाला, दर वेळी वेगळंच काही निघालं. शेवटी त्यांनीच निकाल लावला: चष्मेवाले दादा.

संध्याकाळी अंगणात ज्वारीच्या धांड्यांचं मखर उभं राहिलं. त्याखाली मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी म्हणजे शंकर, मांडीवर गणोबा. गल्लीतल्या सगळ्या बायका आणि पोरी टिपऱ्या घेऊन जमल्या होत्या. आणि भुलोजीच्या बाजूला, हळदकुंकू लावलेल्या पाटावर, इंदूताईंचा जुना, एका काडीला दोरा बांधलेला चष्मा.

"हा कोनाचा ठेवला वो?" एकीने विचारलं.

"पाहुण्याचा हाय," इंदूताई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याची सगळी कथा सांगितली. माझ्या व्याख्यानात जन्म, शिक्षण, कालखंड, शैली असं सगळं असतं. त्यांच्या कथेत तो मायविना वाढलेला, मित्रांच्या घरी जेवणारा, गाण्यांनी भरलेला पोरगा होता आणि त्याचं नाटक पडलं तेव्हा बायका "अरेरे" म्हणाल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "त्याले माहेर नव्हतं. म्हणून आज त्याले बी भुलाबाईसंगं बोलावलं. सुरुवात त्याची हाय, शेवट माहा हाय. ज्याले कोनाले काही म्हणायचं असन, त्यानं आता म्हणावं."

टिपऱ्या वाजल्या.

मीही वाजवलं. 'नाही येत'च्या वळणाला मी गुमान त्यांच्या मागे वर चढले, आणि इंदूताईंनी गाता गाताच माझ्याकडे पाहून मान डोलावली. तेवढी दाद मला आजवर कुठल्याच सभागृहात मिळालेली नाही.

मग खिरापत. डबा कानाशी वाजवून आत काय आहे ते ओळखायचं, ही रीत. लाडू, करंजी, शंकरपाळे, भिजवलेली डाळ, सगळं म्हणून झालं, कोणालाच येईना. आत मी आणलेला नाशिकचा चिवडा होता. हरलेल्या पोरींनी तो सगळ्यात जास्त खाल्ला आणि वर "तिखट नाई जी" अशी नावं ठेवली.

परतीच्या गाडीत पेटी मांडीवर होती आणि सोबत इंदूताईंनी दिलेली पहिल्या वेचणीतली मूठभर कापसाची बोंडं. पुन्हा कुणीतरी विचारलंच, पेटीत काय आहे. नेरला गाडी थांबली तेव्हा मी न सांगता स्टँडवर उतरले, बाकावर बसले आणि वाजवलं. चालत्या गाडीत येत नाही, उभ्या गाडीच्या वेळात येतं. आलूबोंडेवाल्याने पैसे घेतले नाहीत.

आता वर्गात ती चाल शिकवताना माझा गज ऐन वळणावर आपोआप वर चढतो. परवा एका विद्यार्थिनीने पानावर बोट ठेवून सांगितलं, "मॅडम, इथे खाली जायचंय. चुकलात." मी तिला त्याचा शेवट वाजवून दाखवला आणि मग इंदूताईंचा. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मला दुसरा शिकवा."

शिकवता शिकवता मला त्या वडिलांची फार आठवण येते, ज्यांना मी कधी पाहिलंच नाही. कापसाचे भाव ऐकून झाल्याबरोबर लगबगीने उठणारे, सेल वाचवणारे. एखाद्या दिवशी त्यांना चप्पल वेळेवर सापडली नसती, तर इंदूताईंना अख्खं गाणं ऐकू आलं असतं, आणि भुलाबाई मुकाट्याने शंकराबरोबर घरी निघून गेली असती.