जाडा घोडा, रोड घोडा

"आधी पोट बघा सर. तोंड काय, कुनाचंबी गोड असतंय," असं म्हणत आमचे ड्रॉइंग मास्तर समोरच्याच्या पोटाची गोलाई अंगठ्याने हवेत काढायचे. तुमच्याही शाळेत असा एक मास्तर असेल, ज्याचा तास गणिताचा मास्तर हक्काने मागून घेतो. आमच्या कळमनुरीकडच्या शाळेत तो हावरट गणितवाला मी होतो.

हैदराबादेत शिकताना रद्दीतून घेतलेलं चिनी चित्रांचं पुस्तक त्यांच्याकडे होतं. त्यातले दोन घोडे त्यांनी मला एकदा दाखवले.

"चिनी चित्रकाराला दरबारात बोलता येत न्हाई, मंग त्यो घोडा काढतो. ह्यो जाडा म्हंजे खाऊन बसलेला अंमलदार. ह्यो रोड, लोकांसाठी झिजलेला."

"आणि राजाला कळलं तर?"

"राजा नुसता घोडा बघतो."

बहात्तरच्या दुष्काळात पंचायत समितीचे सभापती शाळेत यायचं ठरलं, म्हणून हेडमास्तरांनी ड्रॉइंग मास्तरांना भिंत रंगवायला दिली. बारा वर्षांच्या नोकरीत मिळालेली पहिली भिंत. पोरांचे आईबाप तेव्हा खडी फोडत होते आणि रेशनचा मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, कुठे मुरतो हे गावाला पाठ होतं. मास्तरांनी ते दोन घोडे काढले.

सभापती खूश झाले. "जाड्याची मान काय झकास हाय. आमच्या बंगल्यावर काढा असाच." मास्तरांनी हात जोडले.

सगळं निभावलं होतं. पण चहाला बसल्यावर माझी जीभ वळवळली. आपल्यालाही चिनी चित्रातलं कळतं, हे मला दाखवायचं होतं. मी अर्थ सांगितला. सभापतींनी बशी खाली ठेवली आणि हेडमास्तर माझ्याकडे बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी रोड घोड्यावर चुना फिरवून घेतला, तोही मास्तरांच्याच हातून. जाडा तसाच ठेवला. आठवड्यात बदलीचा कागद आला, सेनगावच्या पलीकडच्या गावाचा. तिथली शाळा लिंबाखाली भरायची. रंगवायला भिंतच नव्हती.

एस.टी.च्या टपावर त्यांची ट्रंक मीच चढवली. माफी मागायला तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "तकलीफ करून घेऊ नका सर. सगळ्या शाळेत चित्र कळलं ते एक तुमालाच."

हा टोमणा नव्हता, मास्तर मनापासून बोलले होते. टोमणा असता तर मी केव्हाच विसरलो असतो.